लदेणीचं पाणी

“नाव कोरडी राहू देऊ नको, रूपा. आन् मरीआईचा दिवा चुकवू नको.”

थावराचं हे शेवटचं नीट ऐकू आलेलं बोलणं. रूपाबाईनं नवऱ्याचा हात हातात घेऊन दोन्ही गोष्टी कबूल केल्या. दिव्याचं तिला कळलं होतं. नावेचं काही कळलं नव्हतं. पण जाणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, आणि थावरा धडधाकट होता तेव्हाही त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नसे.

साखरा गावाच्या पुढच्या त्या बंजारा तांड्यावर नाव असायचं तसं काही कारण नव्हतं. वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख फिरलेले, आताची पिढी कापूस आणि तूर पेरणारी. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला दिसलं तर दिसलं. पण थावरा तरुणपणी धरणावर चौकीदार होता, आणि तिथल्या एका इंजिनिअर साहेबाकडं शिडाची लहानशी होडी होती. साहेबाच्या वडिलांची, सागवानी, कोकणातून मालट्रकमधून आलेली. साहेबाची बदली झाली तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, सामानात एक तर मी येईन नाही तर ही. साहेबानं बराच विचार केला म्हणतात. शेवटी होडी थावराकडं आली. त्यानं तिचं नाव ठेवलं ‘लदेणी’. बैलांचे तांडे माल लादून निघत, त्याला जुनी माणसं लदेणी म्हणत, म्हणून.

धरणात जुना तांडा बुडाला तेव्हा एक टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली होती, आणि टेकडीवर मरीआईचा ओटा. दर चैत्री पुनवेला थावरा बायकोला लदेणीत बसवून, शीड लावून तिथं न्यायचा. दिवा लावायचा, लापशीचा निवद दाखवायचा. तो गेला तेव्हा नोकरी सुटून वर्षं झाली होती आणि नाव तांड्यावर आणलेली होती; पुनवेला तेवढी ती ट्रॉलीतून धरणावर जायची. ती अंगणात लिंबाखाली पालथी पडली, ती पडलीच. तीन पुनवा चुकल्या. धरणातल्या भोयांनी आपल्या डोंगीतून नेलं असतं; पण थावराच्या नावेतून जाणारा दिवा दुसऱ्याच्या डोंगीतून न्यायचा, हे रूपाबाईला सवतीच्या घरी हळदीकुंकवाला गेल्यासारखं वाटे. ती घरूनच धरणाच्या दिशेला दिवा दाखवायची आणि मनातल्या मनात माफी मागायची.

वर तिनं गूळ सोडला. दिवा ओट्यावर लागेल तेव्हाच गूळ तोंडाला लावीन, असा तिचा नेम. सोमवार, शुक्रवार, पुनव, अवस हे उपास तिला कधी जड गेले नाहीत, पण गूळ जड गेला. बिनगुळाचा चहा पिताना तिचा चेहरा बघून शेजारची जिवनबाई म्हणायची, “रूपे, देवाला कबूल केलंस ते ठीक हाय. पन चहानं तुझं काय केलंय?”

चौथ्या वर्षी होळीला योगेश घरी आला. रूपाबाईचा हा मुलगा हिंगोलीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. आईचा बिनगुळाचा चहा चुकून त्याच्या हातात आला आणि एका घोटात त्यानं निश्चय केला.

“याडी, या पुनवेला तुला लदेणीतून नेतो,” तो आईला म्हणाला. “एवढाल्या गाड्या दुरुस्त करतो, ही तर बिनइंजिनाची हाय.”

पहिलीच अडचण कोंबडीची निघाली. पालथ्या नावेखाली ती खुडूक बसलेली. रूपाबाई म्हणाली, अंड्यावर बसलेल्या जिवाला उठवून मी देवाला जाणार न्हाई. तेव्हा पिल्लं निघेपर्यंत योगेश दर सुट्टीला हिंगोलीहून यायचा, नावेला फेरी मारून परत जायचा. पिल्लं निघाली, नाव उलथली, आणि सगळे वाकून आत बघायला लागले. फळीफळीतून ऊन आत आलं होतं. तीन उन्हाळ्यांत लाकूड आक्रसून फटी एवढ्या झालेल्या की पिल्लं दारानं न येता तिथूनच बाहेर आली.

गावचा सुतार संतराम बोलावला. त्यानं जन्मभर बैलगाड्या आणि तिफणी केलेल्या. त्यानं नावेला चारी बाजूंनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हिचा आस कुठं हाय?” आस नाही हे ऐकल्यावर त्याला काम सोपं वाटलं. कापसाचे पीळ करडईच्या तेलात भिजवून त्यानं फटींत ठोकले, वरून राळ वितळवून भरली. तांडाभर धुपाचा वास सुटला. रूपाबाई हात जोडून उभी राहिली.

बाहेरून रंग योगेशनं दिला. हिंगोलीच्या बाजारात दुकानदारानं निळा दाखवला, हिरवा दाखवला. पण रोज डेपोत एकच रंग बघणाऱ्या माणसाला दुसरा रंग गाडीचा वाटत नाही. लदेणी लालभडक झाली, मधून पिवळा पट्टा आला. एवढं झाल्यावर पाटी नसणं बरं दिसेना, म्हणून त्यानं पुढं लिहिलं, ‘साखरा – मरीआई’. जिवनबाई मुद्दाम बघायला आली.

“हाफ तिकीट हाय का रे?” तिनं विचारलं. “आन् मधी थांबती का डायरेक?”

शीड उंदरांनी खाल्लेलं होतं. नवं रूपाबाईनं मांजरपाटाचं शिवलं. साधं कापड देवीसमोर न्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून कडेला आरशाचं भरतकाम केलं. कडा झाल्यावर मधला भाग ओका दिसायला लागला. मग मध्ये आरसे, कोपऱ्यांना कवड्या. पुरं झालं तेव्हा ते शीड उचलायला दोन माणसं लागत होती. योगेश म्हणाला, याडी, वाऱ्यानं हे हलायचं न्हाई. ती म्हणाली, लेकरा, वारा देवाचा हाय, आरसे बघून जोर करल.

आता राहिली परीक्षा. नाव गळते का ते बघायला ती पाण्यात टाकायला हवी, आणि त्या उन्हाळ्यात तांड्याच्या आसपास पाणी म्हणून नव्हतं. विहीर आटली होती. एक दिवसाआड टँकर यायचा आणि सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा. हौद म्हटल्याबरोबर संतरामला सुचलं.

“हौद गळतो का ते कसं बघतेत? भरून. तसंच करू.”

“संतरामभाऊ,” रूपाबाई हळूच म्हणाली, “नावेत पानी आत येऊ द्यायचं नसतं. तुमी उलटं करून राहिलेत.”

“भोक दोन्हीकडून एकच असतं, वहिनी,” संतराम म्हणाला.

पुनवेच्या आदल्या दिवशी टँकर आला. धर्मसिंग ड्रायव्हरला योगेशनं सांगून ठेवलं होतं, हौद भरल्यावर उरलं तर चार घागरी नावेत सोड. पण त्या दिवशी धर्मसिंगनं हौदात पाणी सोडलं आणि ते हौदात राहिलंच नाही. उन्हानं हौद तळाशी तडकला होता. पाणी खालून निघून गल्लीला लागलं, बायका घागरी घेऊन पाण्याच्या मागं धावल्या. धर्मसिंगला पुढच्या गावाची घाई. पाइप हातात घेऊन तो इकडं तिकडं बघत होता, तेवढ्यात त्याला लिंबाखाली दगडांच्या ओट्यावर नीट बसवलेली लालभडक, रिकामी, भलीमोठी वस्तू दिसली. त्यानं पाइप तिच्यात सोडला आणि काठोकाठ भरली तेव्हाच काढला.

लदेणी चाळणीसारखी गळू लागली. योगेशनं कपाळाला हात लावला. पण जिवनबाईनं वेळ घालवला नाही. तिनं पदर खोचला आणि फटीखाली घागर लावली. ते बघून दुसरीनं लावली. बघता बघता नावेच्या दोन्ही अंगांना तांब्या-पितळेची रांग लागली. ज्याची फट त्याची घागर. एका फटीवरून दोघींचं भांडणही झालं, कारण ती जास्त गळत होती.

दिवस कलायला लागला तशी धार बारीक झाली. मग थेंब. मग थेंबही बंद. जिची फट आधी बंद झाली ती संतरामच्या नावानं बोटं मोडू लागली. संतराम नावेच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, “लाकूड फुगलं. गाडीचं चाक ढिलं झालं की आपन न्हाई का नदीत ठेवत, तसं. कोरडं ठेवलं म्हनूनच सैल झालती ही.”

रूपाबाई तिथंच खाली बसली. कोरडी राहू देऊ नको. एवढं साधं सांगत होता आणि तिला वाटलं होतं, माणूस भ्रमात बोलून राहिला. तिनं नावेला टेकून डोळे पुसले. पुसता पुसता थावरावर थोडी रागावलीही. दोन शब्द जास्त बोलायला काय झालं होतं या माणसाला?

पुनवेच्या दिवशी पहाटेच उठून तिनं लापशी शिजवली. गुळाचा वास आला तशी ती तोंड फिरवून ढवळत राहिली. उजाडता उजाडता योगेश ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. नाव आता गळत नव्हती, आरशांचं शीड तयार होतं, पुनव होती. फक्त आतलं पाणी काढून टाकायचं बाकी होतं.

नावेपाशी जिवनबाई पाट टाकून बसली होती. हातात काठी. आजूबाजूला चपला काढून ठेवलेल्या, कारण तिनं काल रात्रीच फर्मान काढलं होतं. पाण्याला राळेचा वास येत होता, आणि धुपाचा वास येणाऱ्या पाण्यापाशी चपला घालून यायचं नाही हे उघड होतं. नावेच्या टोकाला कोणीतरी कुंकवाची पाच बोटंही ओढली होती. पाण्यात केरकचरा पडू नये म्हणून वरून रूपाबाईचं शीड पसरलेलं.

“मावशी, सरका. नाव उलथायची हाय,” योगेश म्हणाला.

“उलथ,” जिवनबाई शांतपणे म्हणाली. “पन आधी सगळ्या तांड्याला सांग, आज प्यायचं काय ते.”

“नाव आमची हाय.”

“नाव तुमची. पानी सरकारचं. तू सरकारी मानूस हायस, तूच बोल.”

योगेशनं नियम आठवून बघितला. एसटीत असा नियम नव्हता. लोक जमले. कोणी म्हणालं, घागरीत भरून ठेवा; पण घागरी कालच भरल्या होत्या. कोणी म्हणालं, पाण्यासकट ट्रॉलीत ठेवा. संतरामनं त्या माणसालाच नावेचं एक टोक धरायला सांगितलं. योगेशचा आवाज चढायला लागला. बरोबर होतं त्याचं. होळीपासून राबला होता, आणि आईचा चौथा चैत्र डोळ्यांदेखत चालला होता.

रूपाबाई पुढं आली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे, म्हणून सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“ऱ्हाऊ दे, योगेश. पानी सांडून दिवा नेला तर मरीआई विचारल, हा कोनाच्या तोंडचं काढून आनलास? काय सांगू?”

योगेश ट्रॅक्टर परत करायला गेला. जाताना त्यानं स्वतः रंगवलेल्या पाटीकडं बघितलंही नाही. रूपाबाई लापशीचं पातेलं झाकून ओसरीवर बसली. गूळ आणखी एक वर्ष गेला, हे तिनं सोसलं असतं. पण योगेशचं ते वळलेलं तोंड तिला सोसेना.

मग टँकर आला. हौद फुटल्याचं कळून धर्मसिंग आज जास्तीची फेरी करत होता. त्यानं लदेणी पुन्हा काठोकाठ भरली आणि म्हणाला, आता तांडा शोधावा लागत नाही, वरच्या रस्त्यावरूनच आरसे चमकलेले दिसतात. ओसरीवर पाणी प्यायला टेकल्यावर त्यानं विचारलं, काकी, एवढी नटवलेली नाव कुठं निघाली होती?

रूपाबाईनं टेकडीचं सांगितलं.

“त्या टेकडीला नाव कशाला?” धर्मसिंग म्हणाला. “मी धरनावरूनच तर पानी भरून येऊन राहिलो. पानी पार मधल्या खड्ड्यात गेलंय. टेकडीवर कधीच्या शेळ्या चरून राहिल्या, काकी.”

रूपाबाई उठून उभी राहिली. होळीपासून तांड्यातल्या एकाही माणसाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, की ज्या उन्हाळ्यानं विहीर आटवली त्यानं धरण तसंच कसं ठेवलं असेल. कोणाच्या डोंगीत बसायचं नव्हतं. पायी जायचं होतं. पायांना कोणी सवत नसते.

“रिकामा टँकर तिकडंच चाललाय ना?” तिनं विचारलं.

पातेलं तिनं फडक्यात बांधलं, पणती, वात आणि तेलाची बाटली पिशवीत घातली. मग तांब्या घेऊन नावेपाशी गेली.

“एक तांब्या घेऊ का गं?”

“नंबरात ये,” जिवनबाई म्हणाली.

रूपाबाई चपला काढून आपल्याच नावेपुढं रांगेला लागली. नंबर आल्यावर जिवनबाईनं शिडाचा कोपरा उचलून दिला, आणि तिच्या पिशवीतली पणती बघितली. रूपाबाईनं तांब्या भरून घेतल्यावर ती म्हणाली, “योगेशला मी सांगते. माझ्याबी नावानं हात जोड.” आणि लिंबाला टेकवून ठेवलेलं लदेणीचं वल्हं तिच्या हातात दिलं. “घे. ढेकळात पाय मुरगाळल.”

धर्मसिंगनं तिला धरणाच्या कडेला सोडलं. समोर भेगाळलेली गाळाची जमीन टेकडीपर्यंत गेली होती, आणि वर शेळ्या उभ्या होत्या. इथंच कुठंतरी थावरा नाव पाण्यात लोटायचा आणि म्हणायचा, चपला काढ, मग पाय टाक.

“परत कशी येशील, काकी?” धर्मसिंगनं विचारलं.

“लापशी खात खात,” रूपाबाई म्हणाली.

तिनं चपला काढून धरणाच्या दगडांवर ठेवल्या, पिशवी खांद्याला अडकवली, पातेलं डोक्यावर घेतलं, एका हातात लदेणीतलं पाणी, दुसऱ्या हातात वल्हं. वल्ह्याचं टोक कोरड्या गाळात टेकवून तिनं पहिलं पाऊल टाकलं.