प्रचारगाडीच्या मॉनिटरला संगणक जोडणेबाबत

जगातली कोणतीही दोन यंत्रं एकमेकांना जोडता येतात; आधी फक्त त्यांची खाती जुळावी लागतात. विज्ञानाला हे उशिरा कळलं. कराडजवळच्या एका दूध संघाला ते १९९३ सालीच ठाऊक होतं.

संघाचा एकुलता एक संगणक गार हवेच्या खोलीत राही. (माणसांना पंखा मंजूर होता.) त्याच्यापुढे माया बसे. संगणक कायम होता, माया हंगामी. मार्चअखेर सगळी दूधबिलं संगणकावर निघाली तर तिलाही कायम करू, असा शब्द चेअरमन लालासाहेबांनी दिला होता, आणि त्या शब्दावर बिचारीने कुपवाडची नोकरी सोडली होती. नेमकी फेब्रुवारीत वीज जरा जोरात आली आणि मॉनिटर जळाला.

सांगलीत, विश्रामबागेतल्या दुकानात नवा मॉनिटर मिळत होता. पण उठून दुकानात जायला संघ म्हणजे काय पानपट्टी आहे? खरेदीला ठराव लागतो, ठरावाला बैठक, बैठकीला कोरम आणि कोरमला जेवण. आणि जेवणाचं खातं दिवाळीतच संपलं होतं. सुदैवाने संघाकडे आणखी एक मॉनिटर होता. गावोगावी गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाच्या फिल्म दाखवायला तो प्रचाराच्या मेटाडोरमध्ये बोल्टांनी आवळून बसवलेला.

वाहन खातं म्हणालं, मॉनिटर हा गाडीचा अवयव आहे, काढता येणार नाही. संगणक खातं म्हणालं, संगणक गारव्याबाहेर नेता येणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी चूक भिंतीची असते.

"मग गाडीच आत घ्या की," लालासाहेब म्हणाले. "हाय काय अन् न्हाई काय."

भिंत पाडली. (पाडायला ठराव लागत नाही, ते दुरुस्तीत बसतं.) गारवा त्याच खिंडारातून आपणहून निघून गेला, त्याला कुठलाच नियम लागू नव्हता. गाडी आत शिरणार तोच ड्रायव्हर नाथाजी थबकला. गडी फौजेतून आलेला, लिहिलेलं पाळणारा. खोलीबाहेर पाटी होती: पादत्राणे बाहेर काढावीत.

"मायाबाई, मग हिची टायरं भाईर ठिवावी लागत्यात," तो म्हणाला.

मायाने स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. चारी टायर चपलांशेजारी रांगेत लागले आणि गाडी झाडून साऱ्या कर्मचाऱ्यांनी उचलून आत ठेवली.

संगणकाच्या वायरीला पंधरा पिना, गाडीच्या मॉनिटरला एकच भोक. ह्यांची पत्रिका जुळत नाही, असं मेकॅनिक सांगत होता. तरी जोडणी करून घेतलीच. चित्र आलं, पण ठरेना. आकडे खालून वर पळत. वाचायचं तर मान खाली घालून आकडा धरायचा, त्याच्याबरोबर वर न्यायची, की पुन्हा खाली. आठवड्याभरात सगळं ऑफिस तसं वाचायला शिकलं. मानदुखीच्या रजा दुप्पट झाल्या, पण बिलं निघाली. मार्चअखेर शेवटचं बिल पडद्यावर आलं आणि मायाचा जीव भांड्यात पडला.

हा पराक्रम बघायला संचालक मंडळ आलं. सगळे पडद्यापुढे उभे, माना खालीवर. लालासाहेब पडद्याच्या बाजूला, सगळ्यांकडे तोंड करून. इतकी अनुकूल सभा त्यांना उभ्या हयातीत मिळाली नव्हती. ते म्हणाले, संगणक मार्गी लागला, तर आता हंगामी माणसं कमी करू. माना हलल्या.

"मायाबाई, चालंल न्हवं?"

माया शेवटचं बिल तपासत होती. तिची मान खाली गेली, वर आली. संबंधितांच्या संमतीसह ठराव एकमताने मंजूर झाला.

कसला ठराव झाला ते नाथाजीने सांगितलं तेव्हा तिला रडूच कोसळलं. ती तशीच लालासाहेबांकडे गेली.

"आवं, मी वाचत होते!"

लालासाहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मायेने समजावलं, की वाचणं आणि कबूल करणं समोरून सारखंच दिसतं.

त्यांचं खोटं नाही. वाचकहो, इथवर येताना ओळींबरोबर तुमचीही मान खाली गेली असेल, आणि आता ती वर येईल. तेवढ्यावर आम्ही तुमची संमती धरली आहे.