नंबराला लावलेला तांब्या

मुरूममध्ये कुठंही रांग लागली, की माणसांच्या मधोमध एक तांब्या उभा असतो. स्टीलचा, लखलखीत, गळ्यापाशी मशीननं नाव कोरलेला: 'शरणप्पा, मुरूम'. एखादा नवखा माणूस तो पायानं बाजूला सारायला जातो, तेव्हा मागचे लोक त्याला अडवतात. म्हणतात, "राहू द्या, ते अप्पा आहेत."

शरणप्पांचं पेठेत भांड्यांचं दुकान आहे आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन आहे. आहेराची ताटं, डबे, पातेली, सगळ्यांवर अप्पांनी करकर करकर करत अख्ख्या पंचक्रोशीची नावं घातली. मग कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं, की लोक रांगेत नंबर धरायला चप्पल ठेवतात, दगड ठेवतात, पिशवी ठेवतात. पण त्यांच्यावर नाव कुठं असतं? "चप्पल कुणाचीबी असती साहेब. तांब्या बोलतो," असं त्यांनी मला समजावलं. डॉक्टरच्या ओट्यावर तांब्या, टँकरपाशी तांब्या, आधारच्या सेंटरवर तांब्या. लग्नाच्या पंगतीत तर पहिल्या पत्रावळीपुढं आधी तांब्या बसतो, अप्पा मागून येतात.

ते मला साहेब म्हणतात, कारण मी इथल्या बँकेत काउंटरवर बसतो. तशी साहेबकी काही नाही. आणि मी पडलो रांगेचा कट्टर माणूस. कुठंही गेलो की आधी "शेवटचे कोण?" म्हणून विचारतो आणि त्यांच्या मागं उभा राहतो. बायको म्हणते, हा माणूस स्मशानात गेला तरी शेवटचे कोण म्हणून विचारेल. अशा माणसाला दैवानं शेजार दिला तो शरणप्पांचा. पूर्वजन्मीचं काहीतरी असणार.

बँक उघडायच्या आधी पायरीवर तांब्या पहिला. अप्पा दुकानात. तांब्याचा नंबर यायला उशीर झालाच, तर अप्पा बाजूच्या दारानं आत येणार आणि म्हणणार, "साहेब, जरा पुढं घ्या की." मी चष्मा खाली ओढून नियम सांगायला तोंड उघडावं, तोवर मॅनेजरनी त्यांना खुर्ची दिलेली असायची. कारण नवे मॅनेजर आले त्याच दिवशी अप्पांनी "कुठले तुम्ही?" विचारून त्यांची सासुरवाडी कळंबजवळ निघते हे शोधलं होतं, आणि सासूबाईंच्या लग्नातली घंगाळं मुरूमची होती हेही सिद्ध केलं होतं. काम झालं, की तांब्या काखेत मारून अप्पा म्हणणार, "आयतु!" आयतु म्हणजे कानडीत झालं. आमच्याकडं हिशेब मराठीत होतो आणि समाधान कानडीत.

त्यांचं एक तत्त्व होतं. रांग ही बिनओळखीच्या माणसाची सोय हाय, असं ते म्हणत. ज्याला ओळख न्हाय त्यानं उभं राहावं, त्यात लाज कसली. मी म्हणायचो, अप्पा, मग मी काय बिनओळखीचा का? ते माझ्याकडं कीव येऊन बघत आणि म्हणत, तुमचं काय साहेब, तुम्हाला उभं राहायची आवडच हाय.

अशा या माणसाची एकुलती एक लेक गौरव्वा कॅनडात असते. ती सुट्टी काढून येणार असं कळलं आणि अप्पांनी हैदराबादच्या विमानतळावर ओळख शोधायला घेतली. आम्हाला विमान म्हणजे हैदराबादच. आठवडाभर फोन चालले होते. कुणाचा साडू, कुणाचा मावसभाऊ. शेवटी भूमच्या एका गिऱ्हाइकाचा मेहुणा सापडला, तो तिथं टॅक्सी लावत होता. अप्पांनी त्याला विचारलं, आत ओळख हाय का? तो म्हणाला, अप्पा, मलाच तिथून रोज हाकलतात.

मग ते संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "साहेब, तिथं पैसे घेऊन पुढं काढत्यात म्हणं. खरं हाय का?"

मी मोबाइल उघडून बघितलं. होतं खरं. विमानातून उतरलं, की नावाची पाटी घेऊन माणूस उभा. तो वेगळ्या वाटेनं घेऊन जाणार, पासपोर्टवर शिक्का वेगळ्या खिडकीवर, बॅग तोच उचलणार, आणि इतर लोक मान वर करून रांगेचं टोक शोधत असतात तोवर आपलं माणूस बाहेर. व्हीआयपी सेवा. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तांब्याच की ओ," ते म्हणाले. "फकस्त पगारी."

मला इतक्या वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती, ती मी सोडली नाही. म्हणालो, काय अप्पा, जन्मभर फुकट पुढं गेलात, आता पैसे मोजून जाणार? तुमच्या तत्त्वाचं काय? ओळखीचं काय? आणखीही दोनचार टोमणे मारले. अप्पा हसले नाहीत.

"तिच्या आईच्या बारीला रांगेत हुती ओ ती," ते म्हणाले. "हितं मी समद्यास्नी थांबा थांबा म्हणत हुतो, आन् ती तिथं रांगेत."

गौरव्वाची आई, आमच्या काकी, गेल्या तेव्हा मी तिथंच होतो. गौरव्वा निघाली आहे, विमान उतरलं आहे, येईलच, असं अप्पा दारात उभं राहून सांगत होते. जाणत्या लोकांनी शक्य तेवढी वाट पाहिली आणि शेवटी दिवस मावळायच्या आत माती द्यायचं ठरवलं. गौरव्वा आली तेव्हा मातीवर फुलं घालून झाली होती. तिला उशीर कशानं झाला हे मी कधी विचारलं नव्हतं. सगळ्या मुरूमच्या पुढं जाणाऱ्या माणसाला आपल्या लेकीला तेवढं पुढं काढता आलं नव्हतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि माझे टोमणे मलाच टोचले. मी मुकाट्यानं बुकिंग करायला घेतलं. येतानाचंच करू ना, असं विचारलं तर म्हणाले, जातानाचंबी घ्या, लेकरू कुठंच अडकाया नको.

बुकिंग माझ्या मोबाइलमध्ये, म्हणून मलाही बरोबर जावं लागलं. जीप ठरवली आणि दुपारी विमानतळावर पोचलो. बाहेर यायच्या दारासमोर कठडा आहे आणि त्याला धरून माणसांची ही गर्दी. अप्पांनी दोन माणसांना कुठले तुम्ही विचारून मधे जागा काढली, कठड्याच्या अगदी पायाशी पिशवीतला तांब्या ठेवला, आणि मला म्हणाले, चला, चहा घेऊ.

मी म्हणालो, अप्पा, इथं तांब्या नको. ते म्हणाले, नाव हाय की त्याच्यावर.

चहा अर्धा होतो न होतो तोच शिट्ट्या ऐकू आल्या. बघतो तर कठड्यापासची सगळी गर्दी मागं रेटलेली, मधे मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत आमचा तांब्या एकटा उभा. भोवती बंदूकवाले जवान, एकजण लांबूनच मान वाकडी करून नाव वाचायचा प्रयत्न करतोय. बेवारस वस्तू! मी कप तिथंच टेकवला. अप्पा मात्र चहाचा कप हातात घेऊन सरळ पुढं गेले आणि दख्खनी हिंदीत म्हणाले, "अरे मियाँ, वो मैं हूँ."

पुढचा सगळा वेळ आम्ही चौकशीला उत्तरं देत होतो. तांब्यात काय आहे? काही नाही. मग ठेवला कशाला? नंबराला. कसला नंबर? इथं कुठं नंबर असतो? त्या अधिकाऱ्याला मुरूमची पद्धत समजावताना माझी जीभ कोरडी पडली. अप्पा मधूनच त्याला कुठले तुम्ही विचारत होते. तेवढ्यात नावाची पाटी घेतलेल्या कोटवाल्या माणसाच्या मागून गौरव्वा बाहेर आली. सेवा चोख होती, त्या विमानातलं दुसरं कुणीही अजून बाहेर आलं नव्हतं. फक्त जिच्यासाठी एवढं केलं तिला बघायला कठड्यापाशी बाप नव्हता, तो जवानांच्या घोळक्यात होता. पण तिनं लांबूनच तांब्या ओळखला. बॅग तिथंच सोडून ती धावत आली, आणि आधी हसायला लागली, मग बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. अधिकाऱ्यानं तांब्या स्वतःच्या हातानं अप्पांना परत दिला.

"आयतु," अप्पा म्हणाले. डोळे पुसायला त्यांच्याकडं मोकळा हात नव्हता.

सुट्टी कशी गेली कळलं नाही. गौरव्वा आता तिकडची रांग शिकून आली होती. पुढच्या माणसाच्या पाठीमागं हातभर जागा सोडून उभी राहायची, आणि ती हातभर जागा मुरूममध्ये कोण ठेवतंय? बँकेत आली तर तिच्यापुढं अर्धी पेठ शिरली आणि ती तिथल्या तिथं. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. अप्पा मात्र कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, साहेब, माझ्या पोटी तुमची लेक जल्मली ओ. तिला घेऊन ते गावभर हिंडले, प्रत्येक ठिकाणी तांब्या पुढं, बाप मधे आणि लाजून चूर झालेली लेक मागं. घरी लेकीबरोबर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळीकडं पुढं जायचं, असं चाललं होतं. पण वेळ काही तांब्याचं ऐकत नाही.

परत सोडायलाही मी गेलो. विमानतळाच्या दारात तोच कोटवाला पाटी घेऊन हसतमुख उभा. त्यानं बॅग हातात घेतली आणि अप्पांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, की काही काळजी करू नका, मॅडमना कुठंही थांबावं लागणार नाही, लगेच आत.

"लगेच म्हंजे?" अप्पांनी मला विचारलं.

मी म्हणालो, लगेच म्हणजे लगेच. पलीकडं वेगळी वाट आहे, तिथून गेली की दिसणार नाही.

दाराच्या बाजूला मोठी काच होती आणि तिला लागून बरीच माणसं उभी होती. सोडायला आलेली, आमच्यासारखीच. आत दोरी बांधून वळणावळणाची रांग केली होती. ती माणसं रांगेतल्या आपापल्या माणसाला बघत होती, हात करत होती, खाणाखुणांनी जेवलास का विचारत होती. रांग मुंगीच्या पावलानं चालली होती. अप्पा त्या काचेकडं बघत राहिले. मग त्यांनी माझा दंड धरला. त्यांना दख्खनी माझ्यापेक्षा चांगली येते, पण ते त्या कोटवाल्याशी बोलले नाहीत.

"साहेब, ह्यास्नी म्हणावं, पैसे तुमचं तुमालाच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिला त्या रांगेत उभं करा म्हणावं. साध्या."

मी सांगितलं. कोटवाल्याला वाटलं माझं हिंदी कच्चं आहे. मी परत सांगितलं. पुढं काढायचे पैसे भरून मागं उभं करा म्हणणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नसावं. गौरव्वाला मात्र एका शब्दात कळलं. तिनं त्याच्या हातातून बॅग घेतली, वाकून अप्पांच्या पाया पडली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही काचेपाशी थांबा. मी रांगेनं जाते."

अप्पा काचेला जाऊन चिकटले. ती आत गेली, तिनं एका बाईला काहीतरी विचारलं आणि तिच्या मागं उभी राहिली. शेवटचे कोण, असंच विचारलं असणार. कोटवाला बिचारा पाटी खाली धरून तिच्या शेजारी उभा. दोरीच्या प्रत्येक वळणाला ती आमच्याकडं तोंड करून यायची आणि हात हलवायची. अप्पा तांब्या वर करून दाखवायचे. पुढं सवयीप्रमाणं तिनं हातभर जागा सोडलीच होती. मागून एक लेकुरवाळी बाई आली, तिला तिनं पुढं घेतलं. मग एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनाही पुढं घेतलं. मग एक धडधाकट माणूस आला, त्यालाही. अप्पांचा हात काचेवर ठोकायला वर गेला होता, शरणप्पांच्या लेकीपुढं कुणीही शिरतंय म्हणजे काय! तो हात तसाच काचेवर टेकला आणि तिथंच राहिला.

तरी ती काउंटरपर्यंत पोचायची ती पोचलीच. तिच्यापुढं आता दोघंतिघंच उरले होते.

"साहेब," अप्पा काचेवरून नजर न काढता म्हणाले, "ही रांग लई पटापट सरकायलीय ओ."