सर्व्हरवरील भाराची सखोल चौकशी

कोणतंही यंत्र आपणहून बिघडत नाही. त्यामागे एखादा माणूस असतो, आणि तो बहुधा पगारदार असतो. यंदा, म्हणजे १९९९ साली, बेंगळुरात शिवाजीनगरच्या आमच्या वधूवर-वेबसाईटच्या कचेरीत हे सत्य सप्रमाण सिद्ध झालं.

आमचा सर्व्हर गुणी होता. त्यात एकच स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, कायम जागी राहून येईल त्याला स्थळं दाखवायची. हे मालक अप्पासाहेबांना खटकलं. "अहो, पंगतीत एकाच्या उष्ट्या पानावर दुसऱ्याला वाढतो का आपण? प्रत्येक पाहुण्याला ताजी स्क्रिप्ट हवी!" आमचा प्रोग्रामर त्रिविक्रम (तो मालकांना अण्णा म्हणायचा) "अण्णा, यंत्राला स्वल्प जड जाईल," एवढंच म्हणाला. पण आदरातिथ्यापुढे गणित चालत नाही (आणि चालूही नये). सोमवारपासून दर पाहुण्यामागे एक नवी स्क्रिप्ट जन्माला यायची, एक स्थळ दाखवायची आणि मरायची.

मंगळवारी सर्व्हरनं मान टाकली. एक फोटो उमटेपर्यंत मुलीचं लग्न दुसरीकडे ठरावं, असा वेग आला. अप्पासाहेबांनी त्रिविक्रमला शनिवारपर्यंत मुदत दिली: साईट सुधारा, नाहीतर घरी बसा. त्याच्या बायकोला सातवा महिना. मला फार वाईट वाटलं. पण मी अप्पासाहेबांनी त्याच दिवशी नेमलेल्या चौकशी समितीचा सचिव; वाईट वाटण्याची नोंद कामकाजात घेता येत नाही.

समितीची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक सभासदानं दिवसभर साईट उघडून ती चालते का ते पाहावं. न चालल्यास पुन्हा उघडावी. तरीही न चालल्यास नातेवाइकांना फोन करून उघडायला लावावी. चिकपेटेतले सभासद जयसिंगराव यांनी तर साड्यांचं दुकान बंद ठेवून चार साडूंसह हे राष्ट्रकार्य केलं. भार वाढत गेला, तसतशी आम्ही तपासणी वाढवली.

शुक्रवारी त्रिविक्रमनं धीर केला. "अण्णा, शंभरातले शहाण्णव पाहुणे आपणच आहोत. तपासणी थांबवा, जुनी पद्धत आणा, साईट पळेल." (उरलेले चार खरोखरचे लग्नाळू. ते कंटाळून गेले होते.)

"म्हणजे चूक आमची?" अप्पासाहेबांनी विचारलं.

अरे बापरे! सगळे खाली बघू लागले. मीही.

शनिवारी त्रिविक्रमला नारळ दिला. जाताना "येतो, अण्णा," म्हणाला बिचारा. दोषी सापडल्यामुळे तपासणी थांबली, आणि तासाभरात साईट भन्नाट धावू लागली. आता याहून मोठा पुरावा कोणता हवा? इतिवृत्तात मी तसंच लिहिलं, आणि ते एकमतानं मंजूर झालं.

त्याच्या जागी सौम्या आली आहे. हुशार पोर, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्याच पगारावर चाललंय. पाहुण्यागणिक ताज्या स्क्रिप्टची पद्धत अर्थातच कायम आहे. एवढं वाचल्यावर, ही साईट आता तरी नीट चालते का, एकदा उघडून बघावं, असं तुमच्या मनात आलंच असेल. खुशाल बघा. सौम्याला सामान आवरायला मी सांगून ठेवतो.