एकच चित्रपट तीन वेळा पाहिला त्याची हकीकत

श्रोते सावध असावे. पृथ्वीवर मोठमोठी युद्धे जाहली आणि ती लिहिणारेही पुष्कळ जाहले. परंतु एक शहाणासुरता दंतवैद्य एकच भिकार चित्रपट पाहावयास तीन वेळा स्वारी घेऊन गेला, हे वर्तमान कोणी लिहून ठेविले नाही, म्हणोन कलम हाती घेणे प्राप्त जाहले. पदरचे काही घातले नाही. चित्रपटकर्त्यांनीही घातले नव्हते.

मूळ कारण ऐसे की, दंतवैद्य राजश्री आणि त्यांचे वडील बंधू, ज्यांस कुल कुटुंब दादा म्हणे आणि जे उंच इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करण्यात नामांकित, हे उभयता लहान असता अंतराळजहाजाचा एक चित्रपट निघाला. त्यात एक डबडा यंत्रमानव जहाज फुटण्याच्या समयी दार आतून लावून घेतो आणि कप्तानास सांगतो, "तुम्ही पळा, मी मोजतो," आणि दहापासून उलटे आकडे मोजू लागतो. हा चित्रपट बंधूंनी नऊ वेळा पाहिला आणि नऊही वेळा तीन आकड्यापाशी रडले. मग त्या चित्रपटास पिले जाहली, पिलांस पिले जाहली आणि वंश रोडावत गेला. सहा वर्षांमागे पाचवे पिलू निघाले, ते पाहून दादासाहेबांनी भर जेवणात "भंगार" ऐसा निवाडा दिला. राजश्रींनी तो मानला नाही. शब्दाने शब्द वाढला आणि दादा ताटावरून उठले. ते उठले ते उठलेच. सहा वर्षे खलिता नाही, फोन नाही. एका शहरात राहून दोन मुलूख जाहले.

ऐशात खबर आली की, चित्रपटवाल्यांनी जुने सर्व पुसून तीच कथा नव्या दमाने, पहिल्यापासून मांडिली आहे. तोच कप्तान, परंतु गाल तुकतुकीत. तेच जहाज, परंतु धुतलेले. वर्तमानपत्रातील एका समीक्षकाने दवंडी पिटली की, या चित्रपटास थर आहेत, ते पहिल्या भेटीत दिसत नाहीत, पुन्हा पुन्हा पाहणारासच उमजतात. राजश्रींनी मनी मसलत केली की, हा चित्रपट उत्तम निघाला तर दादांस "हा पाहा" इतकाच निरोप धाडावा आणि त्या निमित्ताने दार किलकिले करावे. मात्र निघाला टाकाऊ, तर दादा म्हणतील, म्हटलं नव्हतं? सबब आधी टेहळणी केली पाहिजे.

पहिली स्वारी कबिल्यासह जाहली. पडद्यावर तोफा सुटल्या, ग्रह फुटले, कप्तान मेला आणि उठला, पुन्हा मेला आणि पुन्हा उठला, आणि अडीच तासांनी राजश्री बाहेर आले ते पोकळ दाढेसारखे मन घेऊन. परंतु त्यांनी हार मानली नाही. बायकोस म्हणाले, "समीक्षक सांगतो, दुसऱ्यांदा पाहायला हवा."

बाई शाळेत गणित शिकवीत, त्यांस उत्तर तोंडपाठ. "किडलेली दाढ तीनदा तपासली म्हणून बरी होते का हो?"

राजश्रींनी हा टोला सोसला आणि दुसऱ्या स्वारीची तयारी केली. वही घेतली, पेन्सिल घेतली आणि कुमकेस सासूबाईंस घेतले. या बाई टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त जाहलेल्या, कान तिखट, जीभ त्याहून. मग अंधारात राजश्री थर शोधू लागले. थर काही गवसेना. गवसले ते ऐसे की, तीन निरनिराळ्या जहाजांत धावपळीची वाट एकच आहे आणि भिंतीवरील ओरखडासुद्धा तोच. कप्तानाची जखम डाव्या दंडावरून उजव्या दंडावर जाते. आणि खलनायक ज्या गुपितासाठी सात ग्रह जाळितो ते गुपित त्यास पहिल्याच प्रसंगी एक कारकून सांगून चुकला आहे. राजश्री एकेक कलम लिहीत गेले. सासूबाईंनी लाह्यांचा डबा मांडीवर घेऊन विचारले, "हा मघाशी मेला होता ना?"

"हो आई. पण परत आला."

"मग आपण रडायचं नेमकं कधी?"

मागच्या रांगेतील मंडळी हसली. राजश्रींनी हा प्रश्नही वहीत उतरविला. चित्रपटात त्याचे उत्तर गवसले नाही.

शहाण्याने येथे मोर्चे उठवावे. परंतु राजश्रींस वाटले की, सबंध चित्रपट न का असेना, दादांस दाखविण्याजोगी एखादी जागा तरी असेल. एक जागा पुरे. म्हणोन बुधवारी दुपारी, दवाखान्याची खुर्ची बिघडली असता, ते कोणास न सांगता एकटेच तिसऱ्या स्वारीस निघाले. थिएटरात मोजून सात डोकी. पैकी दोन घोरत होती.

मग तो प्रसंग आला. नव्या यंत्रमानवाने दार लावले आणि "तुम्ही पळा, मी मोजतो" हे बोल उच्चारून, कंबर हलवून, नाच केला. मागील दोन खेपांस राजश्रींनी या जागी डोळे मिटून घेतले होते, ते या वेळी उघड्या डोळ्यांनी पाहिले. इतक्यात तीन रांगा पुढे कोणी जिभेने "च्" केले. तो आवाज राजश्रींनी एका खोलीत, शेजारच्या गादीवरून, अठरा वर्षे ऐकला होता.

मध्यंतर जाहले, दिवे लागले. पुढील गृहस्थ उभे राहिले. पायाशी हत्यारांची पिशवी, गुडघ्यास ग्रीसचा डाग, केस मात्र पार पांढरे. सहा वर्षांत इतके पिकले, याची कोणी खबर दिली नव्हती. दोघे बंधू समोरासमोर आले आणि कोण आधी बोलणार, हा पेच पडला. अखेर वडीलकी पुढे आली.

"कितव्यांदा?" दादांनी विचारले.

"तिसऱ्यांदा. तू?"

"चौथ्यांदा."

"चौथ्यांदा? तू? का रे दादा?"

दादांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "म्हटलं, तुला आवडलाच असणार. मग काहीतरी असेल त्यात, मलाच दिसत नसेल. दिसलं, की फोन करायचा म्हणून..."

"आणि दिसलं?"

"कप्पाळ! त्या भिंतीवरचा ओरखडा दिसला. तीन जहाजांत एकच."

"हाताची जखम पाहिलीस?"

"डावीकडून उजवीकडे. दुसऱ्याच खेपेला."

राजश्रींनी वही मिटली. मग सहा वर्षे जे तोंडातून निघाले नव्हते ते निघाले, आणि दाढ उपटली असता वेदना होऊन जीव हलका व्हावा तैसे जाहले. "दादा, भंगार आहे. तो मागचाही भंगारच होता. तू बरोबर होतास."

यावर दादांनी बंधूच्या खांद्यावर हात ठेविला आणि सहा वर्षांमागचा आपला निवाडा स्वमुखे फिरविला. "नाही रे. याच्यापुढे तो बरा होता."

उत्तरार्ध सुरू जाहला तो पाच डोक्यांपुढे. बंधू बाहेर पायऱ्यांवर बसले, चहा मागविला आणि एकमेकांच्या गुडघ्यांची, मुलांची, रक्तदाबाची विचारपूस केली. दंतवैद्यांनी भर रस्त्यात दादांस आ करावयास लाविले आणि खालची एक दाढ संशयित ठरविली.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. समीक्षकाचा दावा सात पाहण्यांअंती खोटा ठरून खारीज जाहला. दोन मुलूख एक जाहले. दाढेची तारीख शुक्रवार सकाळ मुक्रर जाहली. कोणी म्हणेल, चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्यानेच बंधू भेटले, तेव्हा काही यश त्यासही द्यावे. देऊ नये. छप्पर गळते म्हणोन दोघे एका वळचणीस आले, तर मान गळक्या छपराचा नव्हे. फत्ते बंधूंची, ऐसे लिहिले असे.