झरीच्या विमानाची सक्तीची तपासणी

झरीच्या चन्नबसप्पांच्या मंगल कार्यालयापुढं एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उभं होतं आणि कार्यालय चालत होतं ते त्याच्याच जिवावर. एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावात त्यांनी ते घेतलं, साखळ्यांनी जखडलं आणि नवरा-नवरीला आत बसवून फोटो काढायची सोय केली. तेव्हापासून पाथरी-वालूरची वऱ्हाडं जवळची कार्यालयं सोडून झरीला यायला लागली.

मग विमानखात्याचा हुकूम आला. त्या जातीच्या जुन्या ग्लायडरांत पंख जोडणाऱ्या पिनांना तडे जातात, सबब तपासणी झाल्याशिवाय आत कुणालाही बसवू नये.

चन्नबसप्पांनी खात्याच्या तपासणी साहेबांना फोन लावला. "साहेब, आमचं विमान उडतच न्हाई."

"नोंदणी आहे ना?"

"हाय की. लिलावात संगंच आली."

"मग ते विमान आहे. उडणं न उडणं हा तुमचा खासगी प्रश्न."

"आवो, देऊन टाका भंगारात," त्यांची बायको महादेवी म्हणाली. "त्या डबड्यापायी किती परेशान व्हायलाव तुमी!"

पण रविवारी वालूरच्या मुंजाजीरावांच्या ऋतुजाचं लग्न होतं आणि मुंजाजीरावांनी कार्यालय आतून न बघताच, निव्वळ विमानावर भाळून ते ठरवलं होतं. चन्नबसप्पांनी साहेबांना गळ घातली. साहेब यायला राजी झाले, फक्त त्यांना मोकळा दिवस रविवारच होता.

वऱ्हाड नाष्ट्याला बसलं आणि साहेबांनी एक पंख उतरवला. तो जमिनीवर टेकवायचा नाही, असा नियम निघाला. मग अर्धी पंगत उठली आणि उप्पीट एका हातात, पंख दुसऱ्या हातात धरून उभी राहिली.

"आत वजन किती बसतं?" साहेबांनी विचारलं.

"नवरा-नवरी, बस."

"किलोत सांगा."

नवरदेवाला बाशिंगासकट भुसाराच्या काट्यावर चढवलं. ऋतुजानं मात्र साफ नकार दिला. साहेबांनी तिचं वजन अंदाजानं लिहिलं, तर ती रुसली. मुंजाजीरावांनी घासाघीस करून ते कमी करून घेतलं, तेव्हा कुठं लग्न पुढं सरकलं.

पिना निघाल्या, धुतल्या, भिंगाखाली गेल्या. कुठंही तडा नव्हता. पंख परत बसला. "या साखळ्याही काढा," साहेब म्हणाले. "मूळ विमानाला साखळ्या नाहीत."

साखळ्या सुटल्या आणि चन्नबसप्पांनी आनंदाच्या भरात माईक हिसकावला. "मंडळी, आपलं विमान पास झालंय! आता ते उडायला एकदम लायक हाय!"

नवरदेवाची आजी, बायनाबाई, उठून उभी राहिली. "उडतंय? मंग माझा नातू न्हाई बसायचा त्याच्यात!"

नवरदेवानं आत टाकलेला पाय बाहेर घेतला. मुंजाजीराव तर तावातावानं आले. "आमी न उडणारं विमान ठरवलं हुतं, चन्नबसप्पा! ही सरळ फसवणूक हाय!"

"साहेब, नापास करा की हो," चन्नबसप्पा रडकुंडीला आले.

"दोष दाखवा, लगेच करतो."

शेवटी चन्नबसप्पा स्वतःच पुढच्या खुर्चीत बसले. महादेवी नको नको म्हणत असताना तिला मागं बसवलं. "बघा मंडळी, काय सुदिक होत न्हाई!"

एवढ्यात शेतातून वावटळ उठली. ग्लायडर थरथरलं, त्यानं नाक वर केलं, ते वीतभर उचललं गेलं आणि आहेराच्या टेबलापाशी अलगद टेकलं.

"उड्डाण झालं," साहेब म्हणाले आणि त्यांनी नटबोल्टचे पाने पुन्हा हातात घेतले. "आता परत सगळं तपासावं लागेल. उतरा दोघंही."

पांढऱ्याफटक पडलेल्या चन्नबसप्पांना दोघा-तिघांनी काखेत हात घालून बाहेर काढलं. महादेवी मात्र पदर खोचून मागच्या खुर्चीतून पुढच्या खुर्चीत आली आणि तिनं समोरचा दांडा घट्ट धरला.

"साहेबाला आदी जेवू घाला," ती नवऱ्याला म्हणाली. "वारं हाय तवर मी उतरत न्हाई."