एंजलमाशांच्या वंशरक्षणाची मोहीम, मुक्काम मानसरोवर

श्रीजलदेवता प्रसन्न. काचेच्या टाकीत मासे आणि त्या माशांत जीव ठेवणारे समस्त गृहस्थ यांणी हे वर्तमान सावधान चित्तें ऐकावे. राजश्री मुरलीधरपंत, मूळचे सातारकर, हल्ली संगणकाच्या चाकरीनिमित्त जयपूर शहरी मानसरोवरांत तिसरे मजल्यावर वस्तीस, यांचे दिवाणखान्यात उंच घडवंचीवर एक टाकी होती, आणि तींत एंजलमाशांचे जोडपे, काळे पट्टे मिरवीत, निशाणांसारखे पर फडकवीत, राज्य करीत होते. जोडपे रूपे देखणे, परंतु करणी राक्षसाची. अंडी घालावी, आणि मग कोठे खुट्ट वाजले की आपलीच अंडी आपणच मटकवावी, ऐसा शिरस्ता. दोन वेळां वंश बुडाला आणि दोन्ही वेळां पंत जेवले नाहीत.

तिसरे खेपेस हिरव्या पानावर राजगिऱ्याएवढी अंडी दिसो लागली. तेव्हा सौभाग्यवती विनयाबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, ही खेप वाया गेल्यास टाकी कोणास देऊन टाकावी आणि त्या जागी चपलांचे कपाट यावे. पंत हवालदिल जाहले. माशांच्या तख्तावर चपला! मग त्यांणी घरात मिक्सर फिरवण्यास मनाई केली, आणि चटणीवाचून इडल्या गिळल्या.

ऐशांत वैशाखाचे ऊन चालून आले, आणि भर दुपारी मानसरोवरची वीज गेली. पंत कचेरीत, बाईसाहेब शाळेत शिकवण्यास, आणि खिडकीतले ऊन थेट टाकीवर. घराची किल्ली शेजारच्या कलावतीजींपाशी असे, सबब पंतांणी फोनवरून आपल्या सातारी हिंदीत हुकूम रवाना केला की, "कलावतीजी, टंकी खाली कर दीजिए. एकदम खाली!" मतलब इतकाच की टाकी घडवंचीवरून जमिनीवर घ्यावी. भरली टाकी एकट्या बाईने उचलावी कैसी, हे पंतांस सुचले नाही, आणि त्या मुलखात खाली म्हणजे रिकामी, हेही घाईत विसरले.

थोडक्या वेळात उलट वर्तमान आले की, "हो गया भैया, पूरी खाली." पंत संतोष पावले, चहा मागविला, आणि मग सहज पुसिले की मासे खुशाल ना?

"हाँ जी, बाल्टी में हैं."

पंतांचे हातचा चहा हातीच राहिला. साहेबांची रजा न घेता खासा स्वारी स्कूटरवर बसली, आणि लाल दिव्यांस शिव्या मोजीत, उंटगाडीस बगल देत, मजल दरमजल घरी दाखल जाहली.

पाहतात तो टाकी ठणठणीत कोरडी, आणि घरभर बादल्या, घागरी, कुकर, सर्व काठोकाठ. "पानी थोड़े ही फेंकते हैं, भैया!" ऐसे कलावतीजींणी बजाविले. बादलीत जोडपे सलामत होते. आणि पान? ते बादलीत दुमडत होते, म्हणोन बाईंणी त्याच जुन्या पाण्यासह निराळ्या पातेल्यात ठेविले होते. अंडी जशीच्या तशी. पंतांस तेथेच जमिनीवर बसून रडू कोसळले. ज्या मायबापांपासून वंशास धोका, त्यांस वंशापासून तोडावे, ही मसलत दोन खेपा पंतांस साधली नव्हती, ती एका चुकल्या शब्दाने साधली.

मग वीज आली, हवेची नळी पातेल्यात सोडिली, आणि तिसरे दिवशी पानावर शेपट्या वळवळू लागल्या. पंतांणी आनंदे आरोळी ठोकिली. तो विनयाबाईसाहेब पातेल्यावर वाकलेल्या, चष्मा कपाळावर, बोट ओठांवर.

"हळू ना, मुरली! आत्ता कुठे झोपलीत ती."

येणेप्रमाणे गड सर जाहला, आणि बाईसाहेबही.