नदीकडे तोंड करोन वसविलेल्या पेठेची हकीगत

श्रीगजवदन प्रसन्न असोत, आणि ऐकणाराचे पोटात जळजळ नसो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, आमचे राज्यात मागील काही साली जे जे नवे उभे राहिले ते कैसे उभे राहिले, हे लिहोन ठेवावे ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव वाचिले की पल्याडचे लोक हसतात. नदीचे ऐलतीरी आमचे राज्य, पैलतीरी त्यांचे, मध्ये एक पूल, आणि त्या पुलावरोन जाणारे बहुत व येणारे थोडे, हीच आमची जुनी व्यथा. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु त्या साली क्रोध बेताचा पिकला आणि मत्सर उदंड. लिहिणाराही त्यातलाच. पल्याडचे बखरनविसास गुळगुळीत कागद आणि रंगीत तसबिरा मिळतात, आम्हांस पाठकोरे कागद. हे एकदा सांगोन टाकिले, आता मन मोकळे करोन लिहितो.

आमचे राज्याचे धनी श्रीमंत सर्जेराव, नगराध्यक्षपदी विराजमान. पल्याडचे धनी श्रीमंत हिंदुराव. उभयतां साडू. हिंदुरावांचे घरी थोरली बहीण अक्कासाहेब, सर्जेरावांचे घरी धाकटी वत्सलाबाईसाहेब. बाईसाहेबांची स्वारी दर शनिवारी बहिणीकडे जाई आणि माघारी येताच बोलत, "अक्काच्या गावची पेठ बघून या हो एकदा. काय रस्ते, काय दुकानं! आपल्याकडं एक धड पोलकं शिवून मिळंल तर शपथ." हे ऐकोन श्रीमंत भाकरीचा तुकडा ताटात ठेवोन उठत, आणि मग दिवसभर कोणाशी सरळ बोलत नसत. साडूचे उंबऱ्यात तर त्यांनी कैक वर्षे पाऊल ठेविले नव्हते. हिंदुरावांनी नवी माडी बांधिली, वास्तुशांतीचे आवतण आले, तेव्हाही श्रीमंतांनी कंबरेस उसण भरली ऐसे कळविले, आणि त्याच दिवशी तालमीत दंड काढिले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग एके दिवशी श्रीमंतांनी मुख्याधिकारी निमकर यांस पाचारिले आणि हुकूम केला की, पल्याड जाऊन त्यांचे पेठेचे मर्म काढोन आणावे. निमकर गेले, हिंडले, चहा घेतला आणि येऊन मुजरा करोन बोलिले, "साहेब, तिथं दुकानांपुढे माणसांना उभं राहायला जागा आहे, बसायला बाकडी आहेत, आणि पेठ लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. एवढंच. बाकी काही विशेष नाही." श्रीमंत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. दिवे किती उंच हायत?" निमकर म्हणाले, "आपल्यापेक्षा थोडे उंच." श्रीमंत म्हणाले, "मग आपले त्याहून उंच करायचे. आणि ते हिंदुरावाला त्याच्या माडीतनं दिसले पायजेत." येथेच राज्याचे दैव फिरले, परंतु त्या समयी दरबारात टाळ्या पडल्या, आणि आम्हीही वाजविल्या.

जुनी पेठ गावाचे मधोमध होती. बोळ अरुंद, पत्रे गळके, गटारे उघडी, हे कबूल केले पाहिजे. ती मोडोन नदीकाठी नवी पेठ बांधावी, वर तीन मजले घरकुले करोन पेठेतल्या रहिवाशांस द्यावी, आणि समस्त गाळ्यांची व खिडक्यांची तोंडे नदीकडे ठेवावी, ऐसी मसलत ठरली. निमकर हात जोडोन म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक गावातून येणार. त्याला नुसती पाठ दिसेल." श्रीमंत तापले. "गिऱ्हाईक येतंय वळसा घालून. हिंदुराव काय वळसा घालून बघाय येणार हाय व्हय?" मग काम चालू जाहले, आणि खरे सांगणे तर काम नामी जाहले. फरशी रंगीत बसली, खांब ताडासारखे उभे राहिले, आणि आमचे गावावर आमचे प्रेम आहे ऐसी पुरुषभर उंचीची लाल अक्षरे कठड्यावर चढली, तीही नदीकडे तोंड करोन, म्हणोन गावचे लोक ती पाठीमागोन उलटी वाचीत. घरकुलांचे रहिवाशांस ताकीद जाहली की, धुणे नदीकडचे अंगास वाळत घालू नये, पल्याडास दिसेल. तेणेकरोन पेठेचे पाठीमागील आमचे मुख्य रस्त्यावर बारमाही परकर आणि टॉवेल फडकू लागले, आणि मिरवणूकही त्यांखालोन वाकोन जाऊ लागली.

उद्घाटनास हिंदुरावांस आवतण गेले. त्यांस पडसे होते, नारळ धाडिला. श्रीमंतांनी नारळ हाती घेतला आणि मांडीवर थाप मारिली. "पडसं कसलं? जळतंय ते, जळतंय!" मग जिलबी वाटिली, आणि पहिले गाळ्याची चावी श्रीमंतांनी खासा आपले हाताने फुलाबाई कासारणीस दिली. ही फुलाबाई म्हणजे जुने पेठेतली बांगडीवाली. राज्यात एक मनगट ऐसे नसेल की जे तिने हाती धरिले नाही. नवरा वारला तेव्हापासोन घर त्याच धंद्यावर, दुसरा आधार नाही. चावी घेताना ती रडली, आणि श्रीमंतांचेही डोळे पाणावले, हेही खोटे नाही.

आता पुढे काय जाहले ते लिहितो. गाळ्यांपुढे हातभर कठडा आणि खाली नदी, उभे राहावयास जागा नाही. गावातोन यावे तर पंपघरास वळसा पडे. बायकांनी तर पाठच फिरविली, कारण बांगडी भरणे म्हणजे मांडी घालोन निवांत बसणे, हात सोडोन देणे, आणि सासरचे चार शब्द कासारणीचे कानी घालणे. ते पल्याडचे अवघ्या मुलखाचे दृष्टीपुढे कोण करील? फुलाबाई सकाळपासोन सांजेपर्यंत वाट पाहात बसे. वरचे घरकुलांतले लोक खिडकी उघडीत तो समोर पल्याडची पेठ, झगझगीत, भरलेली. पाहोन पाहोन त्यांचे मन तिकडे गेले, मग पाय गेले, आणि मागोमाग आमचे गाळेवालेही एकेक करोन गेले. दिवे मात्र जळत राहिले.

पल्याडचे लोकांचे कसब ऐसे की, आमचे दिव्यांचा देखावा आयता मिळाला म्हणोन त्यांनी आपले काठी बाकडी मांडिली, भेळेच्या गाड्या लाविल्या, आणि सांज जाहली की जत्रा लोटू लागली. आमचे लोकही तेथेच जात, कारण आमची पेठ पाहावयाची तर ती तेथोनच दिसे. हेरांनी वर्तमान आणिले की पल्याडचे काठी लोक उभे राहोन आपली पेठ टकामका पाहतात. श्रीमंतांस ब्रह्मानंद जाहला. "आख्खं राज्य जळतंय! आता हिंदुरावाचं तोंड मला बघाय पायजे." मग डोईस माकडटोपी, तोंडास मास्क, ऐसा वेष पालटोन श्रीमंत दिवेलागणीस एकटेच पूल ओलांडोन गेले.

पैलतीरी पोहोचोन श्रीमंतांनी माघारी वळोन पाहिले आणि जागचे हालेनात. नदीत दिवे उतरले होते, खिडक्या पिवळ्या उजळल्या होत्या, लाल अक्षरे पाण्यावर डुलत होती. हे कोणाचे गाव म्हणोन त्यांचे पोटात कळ आली, मत्सराची, नेहमीची ओळखीची, आणि मग ध्यानी आले की हे आपलेच. ऐसे देखणे गाव आपले, आणि आपण ते कधी पाहिले नाही, म्हणोन श्रीमंतांस मनापासोन वाईट वाटले.

तो शेजारी बांगड्यांची किणकिण ऐकिली. गोणपाट अंथरोन फुलाबाई बसली होती, भोवती बायकांचा गराडा. ती म्हणाली, "या दादा, कारभारणीला न्या की चार. हिरव्या घ्या."

श्रीमंत आवाज बदलोन म्हणाले, "तुमचं दुकान न्हाई व्हय कुठं?"

"हाय की पलीकडं. सर्जेराव सायबांनी सवता चावी दिली, लई मायेनं दिली. पर दुकानाचं तोंड नदीकडं आन् गिऱ्हाईक पाठीकडं. भिताडाला कोन बांगड्या भरनार?"

"मग सांगायचं त्यांना."

"सांगितलं की. म्हनले, थांब जरा, आदी हिंदुराव बघू दे."

श्रीमंतांनी घसा खाकरिला. "मग बघत्यात का हिंदुराव?"

फुलाबाई हसली नाही. "त्यांची माडी मळ्याकडं तोंड करून हाय, दादा. हिकडच्या अंगाला गोठा हाय. बघितलंच तर म्हशी बघत आसतील."

श्रीमंत खाली बसले. कैक वर्षे ज्याचे डोळ्यात सलावे म्हणोन रात्रीचा दिवस केला, त्याने मान वळवोन एकदाही पाहिले नव्हते. आणि माडीचे तोंड कोणीकडे, ही गोष्ट बाईसाहेबांस दर शनिवारी दिसत होती, परंतु त्यांस कोणी विचारिले नव्हते. मग श्रीमंत हळूच म्हणाले, "द्या हिरव्या." फुलाबाईने माप विचारिले. श्रीमंतांस माप ठाऊक नव्हते, ते मनगट हवेत दाखवू लागले, तो फुलाबाईने आपणच डझन निवडोन कागदात बांधिला. "ऱ्हाऊ द्या सायेब. वत्सलाबाईसायबांचं माप मला ठावं हाय." मग श्रीमंतांनी टोपी काढिली नाही, मास्कही काढिला नाही, तैसेच उठोन चालते जाहले.

घरी बाईसाहेबांनी बांगड्या उजेडात धरिल्या आणि हरखोन म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड! अक्काच्या गावचा माल म्हणजे प्रश्नच न्हाई. आपल्याकडं असं कुठलं?"

"आपल्या फुलाबाईच्या हायत त्या," श्रीमंत म्हणाले.

"आपल्या? मग ती तिकडं कशाला बसती?"

दुसरे दिवशी उजाडताच श्रीमंत खासा पहार घेऊन पहिले गाळ्याचे मागील भिंतीस भिडले, आणि निमकर धावत येऊन "साहेब, परवानगी, नकाशा" ऐसे म्हणत असता विटा पडो लागल्या, आणि दुपारपर्यंत गावाकडे दार जाहले. त्या दारात पहिला हात वत्सलाबाईसाहेबांनी पुढे केला. मग आणखी दोघी बसल्या, मग रस्त्यावरोन जाणाऱ्या चौघी थबकल्या.

तात्पर्य, राज्याची प्रगती जाहली ती ऐसी जाहली. भिंती फोडोन गावाकडे दारे काढणे चालू आहे, सर्व निघाली नाहीत. पल्याडची पेठ अद्याप आमचेहून बरी आहे, हे लिहिताना आमचे पोटात दुखते, परंतु ते खरे आहे. फुलाबाई सकाळी आपले गाळ्यात बसते आणि सांजेस गोणपाट काखेस मारोन अजोनही पूल ओलांडिते. श्रीमंत दारातोन तिला जाताना पाहतात आणि पहार उचलोन पुढले भिंतीकडे जातात. येणेप्रमाणे वर्तमान, जैसे पाहिले तैसे लिहिले, कमीजास्त ते पदरी घ्यावे.